घरातला पहिला लॅपटॉप: कोल्हापूरच्या राजारामपुरीत शिरण्याआधी

२०२० च्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर आली. आमच्या घरात चालता मोबाइल एक आणि शिकणारी पोरं दोन. मग मास्क लावून दुकान गाठलं आणि म्हटलं, "पोरांच्या शाळेसाठी एक साधा लॅपटॉप दाखवा."

"साधा" हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तिथंच गाडी घसरली. त्यानं खरंच साधा दिला. अगदी स्वस्तातला सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. वर्ष व्हायच्या आत विंडोज रोज सांगायला लागलं की अपडेटला जागा नाही. मी फोटो काढून टाकले, गाणी काढून टाकली. शेवटी काढायला काही उरलं नाही, तरी जागा नाहीच. दुरुस्तीवाला घरी आला, मागचे स्क्रू काढून आत बघितलं आणि मला बोलावून दाखवलं. "वहिनी, हितं काय बदलायचं? रॅम बोर्डावर, मेमरी बी बोर्डावर. सगळं चिकटवूनच आलंय."

त्या दिवसापासून माझा हिशोब सरळ आहे. नंतर बदलता येणार नाही ते आधी बघायचं आणि पैसे तिथं घालायचे. माऊस, बॅग, पेनड्राइव्ह कधीही मिळतात. दुसरा लॅपटॉप मी याच हिशोबानं घेतला, आणि त्यानंतर गल्लीतल्या चार-पाच घरांबरोबरही दुकानात जाऊन आले. प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच लिहून काढते.

१. आधी घरात विचारा: कोण, काय करणार?

कागद घ्या आणि माणसागणिक एक ओळ लिहा. आमचा कागद असा होता. मी: बचत गटाचा हिशोब, बँकेची कामं. पोरं: प्रोजेक्ट, ऑनलाइन क्लास, प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म. सासरे, म्हणजे मामा: यूट्यूबवर कीर्तन, कधी सातबारा. मिस्टर: लाइट बिल भरतो म्हणाले (अजून मीच भरते).

एवढ्या कामाला महागडं ग्राफिक कार्ड लागत नाही, गेमिंगचा लाल दिव्यांचा कीबोर्डही लागत नाही. उलट कोणी व्हिडिओ एडिटिंग किंवा इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग करणार असेल, तर त्याचं गणित वेगळं, हा लेख त्याच्यासाठी नाही. आणि कागदावर फक्त व्हिडिओ आणि बिलं एवढंच आलं, तर थांबा. बरा मोबाइल किंवा टॅब पुरतो, पैसे वाचवा. लॅपटॉपची खरी गरज लागते ती टायपिंग, तक्ते आणि लांबलचक फॉर्म यांना.

मॅक (ॲपलचा) की विंडोज की क्रोमबुक (गुगलचं), यावर फार डोकं खाजवू नका. मॅक उत्तम, पण महाग. क्रोमबुक स्वस्त, पण टॅली किंवा तसलं विंडोजचं सॉफ्टवेअर त्यावर टाकता येत नाही. विंडोज अडलं तर शेजारचा पोरगाही सोडवून देतो. पहिल्या लॅपटॉपला हे कारण मला पुरेसं वाटतं.

२. आतल्या तीन गोष्टी: रॅम, साठवण, प्रोसेसर

रॅम म्हणजे कामाचा ओटा आणि साठवण म्हणजे फडताळ. ओटा लहान असेल तर फडताळ कितीही मोठं असून उपयोग नाही, एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही.

रॅम: विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं. एसटीत उभं राहून पुण्याला जाता येतं, तसंच ते. आज ८ जीबीच्या खाली घेऊ नका. आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: "रॅम वाढवता येते का, स्लॉट (जास्तीची रॅम बसवायची खाच) मोकळा आहे का?" दुकानदार "ऑनबोर्ड" म्हणाला तर ती बोर्डावरच जोडलेली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये हे सर्रास असतं. काहींत थोडी ऑनबोर्ड आणि वर एक मोकळा स्लॉट असतो, ते चालतं. स्लॉटच नसेल तर थोडे जास्त घालून १६ जीबीचाच घ्या.

साठवण: इथं तीन शब्द कानावर येतील. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते, म्हणून ती हळू आणि धक्क्याला नाजूक. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळं लॅपटॉप अर्ध्या-एक मिनिटात सुरू होतो. तिसरा शब्द ईएमएमसी, आमच्या पहिल्या लॅपटॉपातला. ती बोर्डावर चिकटवलेली, एसएसडीपेक्षा हळू असते आणि बहुतेक वेळा ६४ किंवा १२८ जीबीच असते. ती नकोच. ५१२ जीबीची एसएसडी घरासाठी छान, अगदीच बजेट नसेल तर २५६. "ताई, यात एक टीबी आहे बघा" असं कोणी म्हणालं तर विचारा, एक टीबी (म्हणजे हजार जीबी) काय, एसएसडी की हार्ड डिस्क? हार्ड डिस्क असेल तर तो जुना माल आहे.

प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू: इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण स्टिकर चकचकीत असतो. "आय-५ आहे" एवढ्यानं काही कळत नाही. मागचा आकडा वाचा. इंटेल कंपनीच्या आय-३ १२१५यू यातले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. आठव्या पिढीच्या आय-५ पेक्षा बाराव्या पिढीचा आय-३ घरच्या कामाला चांगला चालतो. घरासाठी बाराव्या पिढीपासून पुढचा आय-३, किंवा नव्या नावाचा कोअर ३, पुरतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझनमध्ये ५ घेतला तर उत्तमच, ३ सुद्धा चालतो.

रायझनच्या नावात एक गंमत आहे. ७३२०यू नाव ऐकून सात हजार क्रमांकाच्या मालिकेतला, म्हणजे नवाकोरा वाटतो. पण या मालिकेत आतली रचना किती जुनी हे तिसरा आकडा सांगतो, आणि इथं तो २ आहे, म्हणजे मूळ रचना २०१९ ची. घरच्या कामाला तोही चालतो, पण त्याची किंमत नव्या प्रोसेसरएवढी देऊ नका.

आणि सेलेरॉन? पाच-सात हजार वाचतात खरे. मी वाचवले होते.

३. स्क्रीन आणि कीबोर्ड: हे हात लावूनच बघा

रोज डोळ्यांसमोर असते ती स्क्रीन, आणि नेमकी तीच कोणी तपासत नाही. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० हवी. १३६६ बाय ७६८ चे लॅपटॉप अजून कुठं कुठं मिळतात, ते सोडा. दुकानात एखादं मराठी बातम्यांचं पान उघडायला सांगा आणि बारीक अक्षर वाचा. "वैशिष्ट्य", "उद्ध्वस्त", "कर्तृत्व" असले शब्द बघा. कमी दर्जाच्या स्क्रीनवर रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात, जोडाक्षराचा गोळा दिसतो. इंग्रजी अक्षरांत हे तेवढं कळत नाही.

मग बाजूला सरकून बघा. आयपीएस स्क्रीन बाजूनंही तशीच दिसते. स्वस्तातली टीएन स्क्रीन जरा खालून बघितली की रंग उलटे होतात, माणसाचा चेहरा निगेटिव्हसारखा. मामा पलंगावर, लॅपटॉप टेबलावर, आणि मधे पोरं, अशा घरात आयपीएसच हवी.

आकार खोक्यावर सेंटिमीटरमध्ये असतो, गोंधळू नका. ३५.५६ म्हणजे १४ इंच, ३९.६२ म्हणजे १५.६ इंच. रोज पाठीवर न्यायचा असेल तर १४. घरीच राहणार आणि आकडेमोड जास्त असेल तर १५.६, कारण त्यात बहुधा उजवीकडं आकड्यांचा वेगळा पॅड असतो. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला. गटाच्या बावीस बायकांचे हप्ते वरच्या ओळीतून भरायचे म्हणजे बोटांना कंटाळा.

कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून बघा, सगळी बटणं दाबा. टीव्हीला जोडायला एचडीएमआयचं भोक आहे का, पेनड्राइव्ह आणि माऊस एकदम लागतील का, एवढं बघितलं की पुरे.

४. विंडोज आणि ऑफिस बिलात आहे का?

एकाच मॉडेलचा भाव एका दुकानात तीन-चार हजारांनी कमी दिसला तर आनंदू नका. बहुतेक वेळा तो "डॉस"वाला असतो, म्हणजे आत विंडोजच नाही. "आपण टाकून देतो की!" असं उत्तर मिळालं तर ते विंडोज बिनपरवान्याचं असतं. कंपनीनं आधीच घातलेलं विंडोज ११ होम हवं, आणि तसं बिलावर किंवा खोक्यावर लिहिलेलं हवं.

ऑफिसबद्दलही (म्हणजे मायक्रोसॉफ्टचं वर्ड, एक्सेल) नेमकं विचारा: कायमचं, एका वर्षाचं, की महिन्याभराची चव? कायमचं ऑफिस सोबत येत असेल तर ते विंडोज सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपल्या खात्यावर चालू करावं लागतं, नाहीतर हक्क जातो. ऑफिस नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे, घरच्या पत्राला आणि तक्त्याला पुरतं.

सगळ्यात वाईट सापळा इथंच आहे आणि तो कोणी मुद्दाम लावत नाही. दुकानातला पोरगा घाईघाईत लॅपटॉप सुरू करून देतो, ईमेल विचारलं की स्वतःचाच टाकतो. ऑफिस त्याच्या खात्याला जोडलं जातं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना हे आठ महिन्यांनी कळलं, तोवर तो पोरगा नोकरी सोडून गेला होता. खातं आपलं, पासवर्ड आपला, टाइपही आपणच करायचा.

वेगळं अँटिव्हायरस गळ्यात मारतील. विंडोजमध्ये डिफेंडर मुळातच असतो, सांभाळून वापरणाऱ्या घराला तो पुरतो.

५. कुठून घ्यायचा?

राजारामपुरीत आणि शाहूपुरीत दुकानं आहेत, मोठ्या साखळी दुकानांच्या शाखा आहेत, आणि ऑनलाइन आहेच. माझी पद्धत: मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्यायचा, ऑनलाइन भाव बघायचा, तो घेऊन दोन दुकानं फिरायची. हजार-दीड हजाराचा फरक असेल तर मी दुकानातूनच घेते, कारण काही झालं तर जाऊन उभं राहता येतं. फरक पाच हजारांचा असेल तर ऑनलाइन. मात्र खोकं उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

नाव "आय-३, ८ जीबी" सारखंच असलं तरी स्क्रीन वेगळी असते, म्हणून पूर्ण नंबर महत्त्वाचा. शेवटची दोन-तीन अक्षरंसुद्धा.

दुकानात मी प्रश्न विचारायचे आणि पोरगा उत्तर मिस्टरांकडं बघून द्यायचा. "दादा, हा घ्या, विषय हार्ड!" मी विचारलं, स्लॉट मोकळा आहे का. तेव्हा मान माझ्याकडं वळली. बायांनो, प्रश्न लिहून न्या, आपोआप वळते.

"नो कॉस्ट ईएमआय" पूर्ण फुकट नसतो. बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट देतं, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी असते. शिवाय रोख घेतला असता तर मिळाली असती ती सूट कधी कधी जाते. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.

पाडव्याला, दसऱ्याला ऑफर असतात, थांबता येत असेल तर थांबा. पूजा करणारच. हळदीकुंकू झाकणावर बोटभर लावा, कीबोर्डवर अक्षता टाकू नका. "एंटर"च्या खाली तांदूळ अडकलेला मी पाहिला आहे.

वापरलेला घ्यायचा असेल तर कंपन्यांमधून परत आलेले दणकट लॅपटॉप स्वस्तात मिळतात, आणि काही खरंच चांगले असतात. पण इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी कमी झालेली धरूनच भाव करा. आणि आपल्या गावात एक जास्तीची तपासणी: २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीसारख्या भागांत पाणी शिरलं होतं. तळाचे स्क्रू आणि चार्जिंगचं भोक टॉर्च लावून बघा. गंज किंवा हिरवट पांढरी भुकटी दिसली तर "बघून सांगतो" म्हणून निघा.

सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की माल पुण्याला जातो, आणि इंजिनिअर घरी येतो का, हे घेण्याआधी कंपनीच्या साइटवर बघा. दुकानदाराच्या "आमीच करून देतो"वर राहू नका.

६. सोबत काय न्यायचं

- प्रश्नांचा कागद आणि मॉडेलचा पूर्ण नंबर
- ज्याच्या नावावर बिल करायचं त्याचं नाव, पत्ता, मोबाइल. व्यवसायासाठी असेल तर जीएसटी नंबर, नंतर बदलून देत नाहीत
- हप्त्यावर घेणार असाल तर आधार, पॅन आणि बँकेचा तपशील
- आपला ईमेल आणि त्याचा पासवर्ड, आणि ओटीपी येणारा मोबाइल
- एक पेनड्राइव्ह, भोकं चालतात का बघायला
- चष्मा (हसू नका, मामा विसरले होते)

७. पैसे देण्याआधीची पंधरा मिनिटं

खोकं आपल्यासमोर फोडायला लावा, डिस्प्लेवरचा लॅपटॉप घरी आणू नका. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, हे बोट ठेवून वाचा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते कळतं. तारीख आधीच सुरू झालेली असेल तर तिथंच बोला.

मग सुरू करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये गेलं की रॅम किती, डिस्क एसएसडी आहे की नाही, प्रोसेसर कोणता, सगळं दिसतं. दुकानदाराला विचारायचं काही उरत नाही. पूर्ण पांढरं पान उघडून स्क्रीनवर काळा किंवा रंगीत ठिपका अडकलाय का बघा. कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय, चार्जर. झालं.

बिल पक्कं, जीएसटीचं. "बिल नको असेल तर कमी करतो" याचा अर्थ वॉरंटीला कागद नाही.

८. घरी आल्यावर

पहिली गोष्ट भिंतीवरचा विजेचा बोर्ड बघा. आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात अर्थिंगच नव्हतं. चार्जर लावून लॅपटॉपवर मनगट टेकवलं की मुंग्या यायच्या, धातूच्या पट्टीवर तर बारीक करंट. मला वाटलं लॅपटॉप खराब आला. वायरमनला बोलावलं, अर्थिंग करून घेतलं आणि मुंग्या गेल्या. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जुगाड लावू नका, चांगला स्पाइक गार्ड घ्या, आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की पिन काढून ठेवा.

विंडोजचे पहिले अपडेट काही जीबींचे असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावलेत तर दिवसाचा डेटा तिथंच संपतो. शक्य तर वायफायवर रात्री लावून झोपा.

मराठी टायपिंगसाठी काही विकत घ्यायचं नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, तिथं मराठी जोडा. मराठीच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड म्हणून फोनेटिक जोडला की इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांवरून मराठी उमटतं. देवनागरी टायपिंग शिकलेल्यांना इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. एखादी जुनी सरकारी किंवा छापखान्याची फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर घाबरू नका. ती युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आहे. लॅपटॉपचा दोष नाही.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरच्या डायरीत लिहा. विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कला आपोआप कुलूप लावतं आणि त्याची किल्ली याच खात्यात ठेवते. खातं विसरलात तर एखाद्या दुरुस्तीनंतर स्वतःचेच फोटो उघडत नाहीत. पोरांना वेगळं खातं काढून द्या, बँकेचं काम आपल्या खात्यातून.

फोटो आणि कागदपत्रं दोन ठिकाणी ठेवा. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, बाकीचं बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत नको, वरच्या फडताळात.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, चकचकीत कागदावरची शाई वर्षभरात उडते. खोकं माळ्यावर ठेवा, वॉरंटी संपेपर्यंत रद्दीवाल्याला देऊ नका.

९. बिघडला तर

आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दुकानात नुसतं तोंडी सांगून आलात तर त्याची कुठं नोंद नसते, आणि वॉरंटीचे दिवस उलटत राहतात. आमच्या दुसऱ्या लॅपटॉपचं बिजागर अकराव्या महिन्यात सैल झालं. क्रमांक हातात होता म्हणून काम तेराव्या महिन्यात झालं तरी पैसे पडले नाहीत. कंपनी किंवा दुकान दादच देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन करताना बिल, सीरियल नंबर आणि तो तक्रार क्रमांक समोर ठेवा.